मुळीकाम : नऊ फलकांच्या नोंदी

१२ जून

विषय पक्का झाला. आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या हूडूत, म्हणजे त्यांच्या परंपरेतल्या मंत्र-तोडग्यांत, वापरल्या जाणाऱ्या मुळ्या. बारा चित्रफलक, ए-थ्री मापाचे, काळी शाई आणि थोडा जलरंग, प्रत्येकाखाली शे-दीडशे शब्द मराठी मजकूर. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात गणपतीच्या आधी लागायला हवेत. गेल्या वर्षी रानभाज्यांच्या चित्रांपाशी लोक थांबत होते, म्हणून यंदाही मलाच विचारलं. मानधनाबद्दल न लिहिलेलं बरं. कागद आणि छपाई त्यांची, एवढं मात्र लेखी घेतलंय.

मावसबहीण साऊथ कॅरोलिनात कोलंबियाला राहते. मुळ्या ती विकत घेईल, पण इकडे पाठवू शकणार नाही. क्वारंटाईनच्या नियमांत ते बसत नाही आणि मला त्या भानगडीत पडायचंही नाही. तिनं मुळीशेजारी पट्टी ठेवून चार बाजूंनी फोटो काढायचे आणि मी त्यावरून चित्र करायचं, असं ठरलं.

१५ जून

शीर्षकावरच अडले. हूडूला मराठीत काय म्हणायचं?

‘जादूटोणा’ म्हटलं की आपल्याकडे २०१३ चा कायदा डोळ्यांसमोर येतो आणि माणूस पुढचं वाचतच नाही. ‘करणी’ हा शब्द खरं तर जवळचा. करणे, करणी. तिकडेही ‘वर्क’ म्हणतात, मुळीला ‘कामाला लावतात’. पण मराठीत करणी फक्त वाईटच असते. हूडूत नोकरी लागावी, खटला सुटावा, भाडं भरायला पैसे यावेत, नवरा घरी यावा, मळ्यावरच्या मालकाचा चाबूक चुकावा, हे सगळं येतं. करणीत ते मावत नाही.

शेवटी ‘रूटवर्क’चं सरळ ‘मुळीकाम’ केलं. हे काम करून देणाऱ्या रूट डॉक्टरसाठी आधी ‘वैदू’ लिहिलं होतं, ते खोडलं. वैदू हा एका समाजाचा शब्द आहे, हवा तिथे उचलून चिकटवायचा नाही. ‘भगत’ही तसंच. ‘रूट डॉक्टर’ राहू दे, कळतं लोकांना.

हूडू म्हणजे व्हूडू नव्हे, हेही पहिल्याच परिच्छेदात सांगायला हवं. व्हूडू हा देवता, पुजारी, दीक्षा असलेला धर्म आहे. हूडू धर्म नाही. मुळी हातात घेऊन पुटपुटणारी बाई रविवारी बॅप्टिस्ट चर्चात पुढच्या बाकावर बसलेली असते आणि ती पुटपुटते ते बायबलमधलं स्तोत्र असतं. कोंगो प्रदेशातल्या समजुती, मूळ अमेरिकन लोकांकडून कळलेली झाडं, युरोपातून आलेली मंत्रतंत्राची पुस्तकं, हे सगळं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर एकमेकांत मिसळलं.

१९ जून

दोन दिवस फुकट गेले. ‘हाय जॉन द कॉन्करर’ नावाची हूडूतली मुळी म्हणून मी सेंट जॉन्स वॉर्टचं अख्खं चित्र केलं. पाच पाकळ्यांची पिवळी फुलं, पानांवरचे ते बारीक पारदर्शक ठिपकेसुद्धा. दोन ठिकाणी तसं वाचलं होतं आणि नावात जॉन होता, एवढ्यावर विश्वास ठेवला. ही सगळ्यांत घासून गुळगुळीत झालेली चूक आहे म्हणे. जॉन वेगळा. आता मिळते ती हाय जॉनची मुळी म्हणजे आयपोमिया पर्गा, मेक्सिकोतलं जलाप. गारवेलीच्या, रताळ्याच्या कुळातलं.

पिवळ्या फुलांचं चित्र आईनं देवघराशेजारी लावलंय.

२४ जून

जलापचे फोटो आले. बहिणीनं शेजारी पट्टी ठेवायचं विसरून लिपस्टिक ठेवलीय. चालेल, सहा सेंटिमीटर धरली.

अक्रोडापेक्षा थोडी मोठी, खाली निमुळती, जवळजवळ काळी. सुरकुत्या उभ्या, पण सरळ नाहीत. मध्येच दोन एकत्र येतात आणि खळगा पडतो. एका बाजूला चमक आहे, बहुतेक विकणाऱ्यानं तेलाचा हात फिरवलाय. बहीण म्हणाली, धुराचा वास येतो. येणारच, मेक्सिकोत हे कंद जाळीत भरून विस्तवावर टांगून सुकवायची रीत आहे. ठिपक्यांनी करायला घेतलं, तीन तासांत जेमतेम अर्धी बाजू झाली. इतकं काळं असताना ठिपके नक्की कुठे थांबवायचे तेच कळत नाही.

ही मुळी खायची नाही. जबरदस्त रेचक आहे. खिशात ठेवायची, तेल लावून चोळायची, पुरचुंडीत बांधायची. गंमत म्हणजे डॉक्टर लोक ती खुशाल पोटात घालत होते. १७९३ साली फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा बेंजामिन रश पाऱ्याचं कॅलोमेल आणि जलाप एकत्र करून रोग्यांना देत होता आणि वर शीरही तोडत होता. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही अशी त्याची समजूत होती. म्हणून त्यानं अब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांच्या मंडळींना शुश्रूषेला बोलावलं. ते आले, राबले. ताप त्यांनाही झाला, त्यांच्यातलेही मेले. हीच मुळी पोटात गेली की आतडी पिळून काढते आणि खिशात राहिली की नशीब सरळ करते. मला विचाराल तर खिशातला उपयोग कमी घातक.

आपल्याकडचं निशोत्तरही याच कुळातलं आणि त्याच कामाचं. इंग्रज त्याला हिंदुस्थानी जलाप म्हणत. फलकावर एका ओळीत येईल, जास्त नको.

२७ जून

ज्याचं नाव या मुळीला आहे त्या जॉनची गोष्ट आफ्रिकन-अमेरिकन लेखिका झोरा नील हर्स्टन हिनं १९४३ मध्ये लिहिली, महायुद्धाच्या ऐन मध्यात. जॉन आफ्रिकेतून आला, मळ्यांवर राहिला, मालकांना हसत हसत गंडवत गेला, लोकांना हसायला लावत गेला आणि नंतर आफ्रिकेत परत गेला. जाताना आपलं बळ एका झाडाच्या मुळात ठेवून गेला.

झाड मेक्सिकोतलं, गोष्ट आफ्रिकेची. हे जमतं कसं यावर रात्री बराच वेळ गेला. साधं उत्तर असं असावं की जहाजातून आणलेल्या माणसांबरोबर त्यांची झाडं आली नाहीत. तीळ, भेंडी अशी थोडी आली, रानातली नाही. मग आठवणीत होतं ते ‘असं असं मूळ असतं आणि त्यानं अमुक होतं’ एवढंच. नव्या रानात त्या आठवणीला बसेल असं मूळ शोधायचं. जॉनच्या नावाखाली त्या-त्या भागात वेगवेगळी झाडं गेलेली दिसतात. नंतर टपालानं विक्री सुरू झाली तेव्हा व्यापाऱ्याला स्वस्त आणि टिकाऊ पडलं ते जलाप, आणि ते जॉन झालं.

म्हणजे माझ्या फलकांवर ‘नाव – वनस्पती’ अशी एकास एक जोडी लावता येणार नाही. विभागाच्या सरांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “मग ओळख पटवायची कशी?” तेच तर.

२ जुलै

गुलामगिरीतून निसटून पुढे तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसचा फलक. खरं तर पहिला हाच यायला हवा.

त्याच्या १८४५ च्या आत्मचरित्रातला प्रसंग. सोळा वर्षांचा डग्लस मेरीलँडमध्ये एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे पाठवलेला. ऐकत नसलेले गुलाम वठणीवर आणून द्यायचे, ही कोव्हीची ख्याती. मार खाऊन, रक्त वाहत असताना डग्लस सात मैल चालून मालकाकडे दाद मागायला जातो. मालक परत पाठवतो. रानात लपलेला असताना सँडी जेंकिन्स भेटतो. तोही गुलाम, पण बायको स्वतंत्र. सँडी त्याला घरी नेतो, खायला घालतो आणि एक मूळ देतो. हे कायम उजव्या अंगाला ठेव, कुठलाही गोरा माणूस तुला चाबूक मारू शकणार नाही. मी कित्येक वर्षं बाळगतोय.

डग्लसला पटत नाही. पण नाही म्हणून तरी काय मिळणार, असा विचार करून ठेवतो. रविवारी कोव्ही चर्चला निघालेला, चक्क गोड बोलतो. सोमवारी पहाटे मात्र तबेल्यात दोरी घेऊन पाय बांधायला येतो. आणि डग्लस उलटतो. जवळजवळ दोन तास झुंज. त्यानंतर उरलेल्या सहा महिन्यांत कोव्हीनं त्याच्यावर हात टाकला नाही.

मूळ चाललं की मूठ चालली? डग्लस सरळ उत्तर देत नाही. रविवारच्या गोड बोलण्यानं मुळात काहीतरी असावं असं वाटलं म्हणतो, आणि वाचकानं आपल्याला अंधश्रद्ध समजू नये म्हणून लगेच सावरतो. १८५५ च्या दुसऱ्या आत्मचरित्रात तर सगळं हास्यास्पद वाटलं होतं, पापच जवळजवळ, असं लिहितो. पण गोष्ट गाळत नाही. त्यानं सँडीला दोन्ही वेळा जागा दिली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता अडचण अशी की ते मूळ कशाचं, हे त्यानं कुठंच लिहिलेलं नाही. अंदाजाला जाड्याभरड्या कापडाचा उजवा खिसा काढला. आत काहीतरी आहे एवढं कळावं म्हणून कापडाला फुगवटा. खाली शास्त्रीय नावाची जागा कोरी.

५ जुलै

मजकूर तपासायला आईला दिला होता. सीझरच्या फलकावर तिनं पेन्सिलीनं लिहिलंय: “केळीला मूळ कुठलं गं? कंद असतो ना?”

बरोबर आहे. मी ‘प्लँटेन’चं केळ केलं होतं! हे प्लँटेन म्हणजे इसबगोलाची चुलतबहीण, जमिनीलगत पसरणारी रुंद पानांची प्लँटॅगो. नशीब, छापखान्यात गेलं नव्हतं.

सीझर हा साऊथ कॅरोलिनातला गुलाम. विषबाधेवर आणि रॅटलस्नेकच्या दंशावर त्याच्याकडे औषध होतं: प्लँटेन आणि होअरहाऊंड यांचा रस, आणि दंशावर रममध्ये भिजवलेलं तंबाखूचं पान. १७५० मध्ये तिथल्या विधिमंडळानं त्या बदल्यात त्याला स्वातंत्र्य दिलं, वर्षाला शंभर पौंड तहहयात लावून दिले आणि औषध वर्तमानपत्रात छापलं.

१७५१ मध्ये त्याच वसाहतीनं कायदा केला: एका गुलामानं दुसऱ्याला विषारी मुळी-पाल्याची माहिती दिली, तर मृत्युदंड. व्हर्जिनियात तर १७४८ पासूनच गुलामानं औषध देणं हा देहान्ताचा गुन्हा होता. मुळ्यांची माहिती असलेला माणूस हवाही होता आणि त्याची धास्तीही होती. स्वयंपाक त्यांच्याच हातचा होता ना.

हा मजकूर दीडशे शब्दांत बसत नाही. दोनशे दहा झालेत. कापणार नाही.

९ जुलै

रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात गेले. कोळिंजन मागितलं. काकांनी विचारलं, “लहान की मोठं? गाता का?” म्हटलं, चित्र काढते. दोन्हीच्या पुड्या बांधून दिल्या आणि “चघळूनही बघा” म्हणाले.

हूडूत यालाच ‘लिट्ल जॉन’ म्हणतात, चघळायचा जॉन. कोर्टातली मुळी. खटल्याच्या दिवशी चघळायची, रस गिळायचा आणि चोथा कोर्टाच्या जमिनीवर कुणाच्या लक्षात येणार नाही असा थुंकायचा. न्यायाधीशाचं मन वळतं म्हणतात. आपल्याकडे कीर्तनकार, गवई हेच गालात धरतात, आवाज मोकळा व्हावा म्हणून. जिथं माणसाची सगळी भिस्त तोंडातून निघणाऱ्या चार शब्दांवर असते, तिथं दोन्हीकडे हेच मूळ कसं पोचलं कोण जाणे. मी यातून काही सिद्ध करत नाहीये. फक्त आशियातलं मूळ आहे, अमेरिकेत दुकानातूनच आलं असणार, आणि ‘जॉन’ नाव तिथं आयतं होतंच.

चघळलं. आधी आल्यासारखं, मग कापरासारखं थंड, मग घसा तापतो. चोथा दाताखाली दोऱ्यासारखा, काही केल्या तुटत नाही. कापलेली बाजू विटकरी, मध्ये फिकट गाभा. बाहेरून तांबूस साल आणि अंगठीसारखी पांढुरकी वळी, ती कुठंच समान अंतरावर नाहीत. पहिल्या स्केचात मी ती समान काढली आणि मूळ एकदम खोटं दिसायला लागलं.

१० जुलै

कोर्टावरून आठवण. बहीण गेल्या आठवड्यात ब्यूफर्टला जाऊन आली, समुद्राकाठी. तिथल्या सेंट हेलेना बेटावर ‘डॉ. बझर्ड’ या नावानं प्रसिद्ध असलेला स्टेफनी रॉबिन्सन राहायचा. रंगीत काचांचा चष्मा. तो कोर्टात येऊन नुसता बसायचा आणि मूळ चघळायचा. साक्षीदारांची बोबडी वळायची, असं सांगतात. १९४७ मध्ये वारला. तिथला शेरीफ मॅकटीअर १९२६ ते १९६३ त्या खुर्चीत होता. त्यानं बझर्डला पकडायचा भरपूर प्रयत्न केला आणि पुढे स्वतःच मुळीकाम करायला लागला. मला या दोघांवर वेगळा फलक हवा होता, पण मूळ कुठलं काढणार?

बहिणीनं व्हरांड्यांच्या निळ्या छतांचे फोटो पाठवलेत. भुतं पाणी ओलांडत नाहीत, म्हणून पाण्याचा रंग. नीळ त्या किनाऱ्यावर १७४० च्या दशकापासून गुलामांच्या श्रमांवर पिकायची. आणि हूडूत पुढे कपड्यांच्या निळीच्या गोळ्या आल्या, फरशी पुसायच्या पाण्यात, पुरचुंडीत. ती इंग्लंडच्या रेकिटची नीळ. आमच्या घरी पांढऱ्या कपड्यांना रॉबिनची नीळ असायची, तीही रेकिटचीच. मूळ नाही म्हणून फलक नाही. पण इथं लिहून ठेवते.

१६ जुलै

‘डेव्हिल्स शूस्ट्रिंग’. सैतानाच्या बुटाची नाडी. सैतानाचे पाय त्यात अडकतात, जुगाऱ्याला लाभतं, घोट्याला बांधतात.

इथंही दोन झाडं. एक टेफ्रोसिया व्हर्जिनियाना, लांब चिवट मुळांचं. तिच्या मुळ्यांत रोटेनोन असतं; मूळ अमेरिकन लोक त्या ठेचून पाण्यात टाकून मासे गुंगवून पकडायचे. दुसरं व्हायबर्नमच्या जातीचं झुडूप, त्याच्या फांद्या वाकून जमिनीला टेकतात, तिथंच मुळं धरतात आणि रानातून जाणारा माणूस अडखळून पडतो. आता विकायला असतात ते बहुधा याचेच तुकडे. पहिलीत नाडीचं रूप आहे, दुसरीत अडखळवण्याचा गुण. नाव दोघींनाही शोभतं. एकाच फलकावर दोन्ही शेजारी शेजारी काढणार.

टेफ्रोसियाची एक बहीण आपल्याकडे उन्हाळी, म्हणजे शरपुंखा. टेकडीवर गेले, छत्री आणि खुरपं घेऊन. रोप वीतभर आणि मूळ संपेचना. चिखलात बसून वीस मिनिटं उकरलं, शेवटी तुटलंच. फिरायला आलेले एक आजोबा थांबून म्हणाले, “पोटासाठी नेताय का?” हो म्हटलं. सैतानाची नाडी म्हणून कुठं समजावत बसणार, तेही वेताळ टेकडीवर.

२३ जुलै

मामानं यवतमाळहून एसटी पार्सलनं पऱ्हाटी पाठवली. गेल्या हंगामातली, चुलीसाठी रचून ठेवलेल्या ढिगातली, मुळासकट. रिक्षावाल्यानं विचारलं, झाडू आहे का.

कापसाच्या मुळाची साल. हा फलक काढताना हात जड झाला.

व्हर्जिनियात १६६२ पासून कायदा होता की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. १८०८ मध्ये बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, तोवर सरकी काढायच्या यंत्रामुळे कापूस पसरत चालला होता. मग मळ्यावर जन्मणारं प्रत्येक मूल म्हणजे मालकाची वाढलेली मालमत्ता. अशा वेळी बायका त्याच कापसाच्या झाडाचं मूळ चघळत, गर्भ राहू नये, राहिला तर टिकू नये म्हणून. १९३०च्या दशकात सरकारी प्रकल्पातून गुलामगिरी पाहिलेल्या वृद्धांच्या दोन हजारांवर मुलाखती घेतल्या गेल्या, त्यांत टेक्सासमधल्या म्हाताऱ्यांनी हे स्पष्ट सांगितलंय. मालकांना कळलं तेव्हा बंदी घातली. तरी रात्री गुपचूप चालायचंच. पुढे हीच साल अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीत गेली.

हे मुळीकाम म्हणायचं की औषध? त्या बायकांना हा प्रश्न पडला असेल असं वाटत नाही.

विदर्भात लावतात तो बहुतेक कापूस अमेरिकन जातीचाच, तेव्हा मामाची पऱ्हाटी चित्राला चालते. सोटमूळ सरळ खाली गेलंय, मग एका दगडाला वळसा घातलाय. साल नखानं सोलली तर लांब पट्टीत निघते, आतून पिवळसर. सोलताना आई शेजारी येऊन बसली. तिनं मजकूर वाचला, काही खुणा केल्या नाहीत.

२९ जुलै

हिंगाचा फलक एका बैठकीत झाला. दक्षिणेत मुलांच्या गळ्यात हिंगाची पुरचुंडी बांधत, ‘ॲसाफिडिटी बॅग’. १९१८ च्या फ्लूत तर गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्याच गळ्यात. वासानं रोग पळतो म्हणायचे. माणसं लांब राहत असतील हे नक्की.

३१ जुलै

वाळा, गवती चहा, रोशा गवत. न्यू ऑर्लिन्सच्या ‘व्हॅन व्हॅन’ तेलाची सामग्री. हर्स्टननं १९३५ साली छापलेल्या यादीत हे सोपं आहे, दारूत दहा टक्के गवती चहाचं तेल. लुइझियानात सगळ्यांत खपणारं, असंही तिनं म्हटलंय. इतर काही कृतींत वाळा आणि रोशाही येतात. घर पुसायच्या पाण्यात टाकायचं, म्हणजे आधीची कटकट निघून जाते.

सगळी गवतं आशियातली. ‘व्हेटिव्हर’ हा शब्दच तमिळ. रोशाचं तेल एके काळी खानदेशात गाळलं जायचं आणि मुंबईहून इस्तंबूलला जायचं, गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला. तिकडे त्याचं नाव ‘तुर्की जिरॅनियम’. नाव एक, माल दुसरा, हे फक्त हूडूतच चालतं असं नाही.

वाळ्याची जुडी माठातलीच काढून समोर ठेवली. आईनं दोनदा विचारलं, पाण्याला वास का नाही.

६ ऑगस्ट

बारांचे नऊ झाले. आदम-हव्वा हे ऑर्किड गाळलं. दोन जोडकंद, एक पुरुषानं बाळगायचा, एक बाईनं. रानातून उपटून उपटून ते दुर्मीळ होत चाललंय. चित्र बघून कुणी मागवायला नको. लो जॉन आणि अँजेलिका या दोन मुळ्या वेळेअभावी गेल्या.

शेवटचा फलक पुरचुंडीचा: मोजो हँड. लाल फ्लॅनेल, आत मुळ्या आणि बारीकसारीक वस्तू, मोजणी बहुधा विषम. तिला व्हिस्की किंवा तेल ‘पाजतात’, नाहीतर ती मरते. दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. कोंगोत न्कीसी म्हणून असतं, गाठोड्यात वा मूर्तीत वस्तू भरून कामाला लावलेलं बळ. जाणकार पुरचुंडीचं नातं तिथवर नेतात. ‘गूफर’ म्हणजे कबरीच्या मातीची पूड, तो शब्दही किकोंगोतल्या मरण्याच्या क्रियापदाशी जोडतात.

फ्लॅनेलसाठी आईच्या जुन्या परकराचा तुकडा बांधून समोर ठेवला. गाठ मारली आणि मग आत काय आहे ते मीच विसरले. बहुतेक कोळिंजन आणि एक बटण.

१४ ऑगस्ट

कॉलेजच्या कार्यालयातून निरोप: प्रत्येक फलकाखाली ‘या माहितीचा उद्देश अंधश्रद्धेला प्रोत्साहन देणे नाही’ असं छापा. प्रत्येक! नऊ वेळा!

रागाच्या भरात जुन्या टपाल-विक्रीच्या जाहिरातींचं टिपण काढून बसले. विसाव्या शतकात लाखो कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, हार्लेमकडे गेले. तिथे रान कुठलं? मग ‘शिकागो डिफेंडर’सारख्या वर्तमानपत्रांत जाहिराती: मुळ्या, तेलं, पुड्या, घरपोच. बरेचसे विक्रेते गोरे. काही जाहिरातींत फेटेवाले ‘हिंदू’ महाराज. शिकागोचा डी लॉरेन्स तर स्वतःच फेटा बांधून फोटो काढायचा आणि ‘हिंदू जादू’ची पुस्तकं विकायचा, जमैकात ती जप्त व्हायची. आपला फेटा तिकडे या कामाला लागला होता, हे कळल्यावर पुणेकर म्हणून काय वाटून घ्यावं समजत नाही.

मुद्दा असा की टपालानं फसवणुकीचा खटला होऊ नये म्हणून हे विक्रेते पाकिटावर छापायचे: ‘केवळ कुतूहलाची वस्तू म्हणून विक्री.’ कार्यालयाला हे सांगितलं. तुमची ओळ आणि त्यांची ओळ एकाच घराण्यातल्या आहेत म्हटलं. हसले नाहीत. तडजोड: एकच पाटी, दाराशी.

१९ ऑगस्ट

दाराशी पाटी येणारच आहे तर तिच्यावर आणखी दोन ओळी घातल्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्यांना अर्पण केली होती. ज्या माणसांची सुटका पुण्यात बसून त्यांना एवढी मोलाची वाटली, त्यांच्या खिशात काय होतं ते इथं काढलंय. सरांना आवडलं. फुल्यांना मुळ्या आवडल्या नसत्या, हेही सर म्हणाले. नसत्याच. डग्लसलाही नव्हत्या.

२५ ऑगस्ट

छापखान्यातून फोन. “मॅडम, पहिल्यावर शास्त्रीय नाव राहिलंय. बाकी आठांवर आहे.” कोरंच ठेवा म्हटलं. “नंतर चूक आमच्यावर येते,” म्हणाले. व्हॉट्सॲपवर लिहून दिलं.

बाकी आठांवरही खरं तर ‘सध्या या नावानं मिळणारी वनस्पती’ असं लिहून मगच नाव घातलंय. सरांनी एवढं मान्य केलं.

१ सप्टेंबर

लागले. जलापचा फलक उन्हाकडे येतोय, दुपारी काचेत फक्त व्हरांड्याचा खांब दिसतो, उद्या बदलायचा. शूस्ट्रिंगच्या मजकुरात ‘व्हायबर्नम’चं ‘व्हायबरनम’ झालंय, चिकटपट्टी लावावी लागेल. पऱ्हाटीपाशी शिपाई मावशी बराच वेळ थांबल्या होत्या. त्या वाशीमच्या. “एवढी सरळ निघाली कशी मुळी, आमच्याकडं तुटते,” म्हणाल्या.

उरलेलं कोळिंजन शेजारच्या भजनी मंडळात देऊन टाकलं. पुढच्या आठवड्यात त्यांना लागेलच.